हवापालट : मालवण किनाऱ्याच्या इतिहासांतील एक प्रकरण

'हवापालट' हा शब्द मराठी घरांत आतां पूर्वीइतका ऐकूं येत नाहीं. परंतु दोन-तीन पिढ्यांमागें दीर्घ दुखण्याच्या बहुतेक प्रत्येक हकीकतींत तो यावयाचाच. वैद्याच्या मात्रा व डॉक्टरांच्या बाटल्या संपल्या, कीं 'आतां हवा पालटून पाहा' असा सल्ला मिळे, आणि ज्यांस ऐपत असे ते कोरड्या हवेचें व स्वच्छ उन्हाचें ठिकाण शोधीत निघत. हा सल्ला कोणत्या समजुतींतून आला, तो मानून कोण कोठें गेले, आणि त्यांस जो गुण आला तो खरोखर उन्हाचा कीं दुसऱ्या कशाचा, हे तीन प्रश्न आम्हीं प्रस्तुत लेखांत मालवण-वेंगुर्लें किनाऱ्यापुरते घेतले आहेत.

हा किनारा निवडण्याचें कारण असें, कीं येथें हवापालटाच्या तीन निरनिराळ्या वाटा एकत्र पाहावयास मिळतात. गोरे अधिकारी उन्हास भिऊन घाटमाथ्यावर चढले. स्थानिक रोगी पावसास कंटाळून देशावर गेले. आणि मुंबईच्या गिरण्यांत झिजलेले या भूमीचे पुत्र उन्हाच्या व समुद्रवाऱ्याच्या आशेनें परत येथेंच आले. एकास जी हवा रोगट वाटली तीच दुसऱ्यास औषधी वाटली. हा विरोध कसा उलगडावा, हाच या लेखाचा विषय आहे.

१. भूमि आणि ऋतु

आज ज्यास सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतात तो १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वी मालवण, देवगड व वेंगुर्लें हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत, आणि सावंतवाडी हें १९४८ पर्यंत निराळें संस्थान होतें. जुन्या खानेसुमाऱ्यांत व सरकारी अहवालांत या किनाऱ्याची माहिती बहुधा 'रत्नागिरी' या नांवाखालीं सांपडते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत हा प्रदेश सरळ रेषेंत चाळीस-पन्नास किलोमीटरांहून फारसा रुंद नाहीं. मालवण उत्तर अक्षांश १६ च्या आसपास असल्यामुळें मध्यान्हींचा सूर्य वर्षांतून दोनदां बरोबर माथ्यावर येतो : एकदां मे महिन्याच्या आरंभीं, आणि पुन्हां ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्या खेपेस आकाश बहुधा मोकळें असतें व खळें तापून निघतें. दुसऱ्या खेपेस सूर्य माथ्यावर असूनहि ढगांआड असतो, आणि श्रावणांतील उघडिपीपुरतेंच त्याचें दर्शन घडतें. किनाऱ्यावर वर्षास सुमारें अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. घाटमाथ्यावरील आंबोलीस तो सात हजारांच्या घरांत जातो. समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीच्या कड्यास आपटून वर चढतात, थंड होतात व आपला भार तेथेंच टाकतात. पलीकडे उतरणारे वारे रिकामे झालेले असतात. त्यामुळें बेळगावीं हें मान बाराशें-तेराशें व मिरजेस अवघें सहाशें-साडेसहाशें मिलिमीटर उरतें. आंबोली व मिरज यांमधील सरळ अंतर सव्वाशें किलोमीटरांच्या आंत आहे; एवढ्या अंतरांत पाऊस दहा-अकरा पटींनीं उतरतो.

पावसाळा सरल्यावरचें येथलें आकाश किती भरंवशाचें, यास एक प्रसिद्ध दाखला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजींचें खग्रास सूर्यग्रहण पाहण्याकरितां सर नॉर्मन लॉकियर हा इंग्रज ज्योतिषी आपली मंडळी घेऊन विजयदुर्गास उतरला. जानेवारींत या किनाऱ्यावर ढग आड येण्याची भीति थोडी, हें अशा कामास फार मोलाचें असतें. हाच मनुष्य जुलैंत आला असता, तर त्यास सूर्यग्रहण राहोच, सूर्यहि दिसला असता कीं नाहीं याची शंका आहे.

तात्पर्य, मालवणास उन्हाचा देश म्हणणें आठ महिने खरें व चार महिने खोटें. मृग लागला म्हणजे पडवीस नारळीच्या चुडतांचे झाप बांधतात, सरपण आंत येतें, ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळतात, आणि धूर व दमट अंधार हे घरांतले भाडेकरू बनतात. रोगी कोणत्या महिन्यांत येथें आला वा येथून गेला, हें ठाऊक नसतां त्याच्या हवापालटाचा अर्थ लागणें शक्य नाहीं.

२. अनूप, जांगल व साधारण

हवेवरून देशाची परीक्षा करण्याची रीत आपणांस इंग्रजांनीं शिकविली, अशी एक समजूत आढळते. ती निराधार आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत देशाचे जांगल, अनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. मोकळें आकाश, विरळ झाडी, रुक्ष भूमि व कडक वारा हीं जांगलाचीं लक्षणें. नारळी-केळींचीं दाट बनें, नद्यांचें व समुद्राचें सान्निध्य आणि थंड वारे हीं अनूपाचीं. दोहोंचीं मिश्र असतील तो साधारण. अनूपाचें वर्णन वाचीत असतां मालवणच्या किनाऱ्याचेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि जांगलाचें वर्णन मिरज-पंढरपूरच्या माळास चांगलें लागू पडतें. अनूप देशांत कफ व वात यांचे विकार वाढतात, या मतामुळें दम्याच्या व जुनाट खोकल्याच्या रोग्यास घाट चढून देशावर जाण्याचा सल्ला देण्यास वैद्याजवळ शास्त्राधार होता.

सूर्य हा आरोग्याचा दाता, ही भावनाहि येथें जुनीच आहे. वेंगुर्लें तालुक्यांतील परुळें येथें आदिनारायणाचें, म्हणजे सूर्याचें, देऊळ आहे. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा कनकादित्य प्रसिद्धच आहे. उपासना व उपचार हीं एक नव्हेत. तथापि ज्या समाजानें सूर्यास देव्हाऱ्यांत बसविलें, त्यास 'उन्हांत बसत जा' हें सांगणें परकें वाटलें नसावें.

३. उन्हास भिणारे

या किनाऱ्यावर यूरोपीय लोक प्रथम आले ते आरोग्यासाठीं नव्हेत, व्यापारासाठीं व लढाईसाठीं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत डचांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमारास दाणापाणी येथून मिळूं लागलें. इंग्रजांनीं १७६५ त सिंधुदुर्ग घेऊन कांहीं काळ त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें. पुढें १८१२ त करवीर व सावंतवाडी या दरबारांशीं तह होऊन मालवण व वेंगुर्लें हीं ठाणीं त्यांच्याकडे कायमचीं गेलीं.

सत्ता स्थिर झाल्यावर आरोग्याचा प्रश्न पुढें आला. त्या काळच्या इंग्रज डॉक्टरांचा असा दृढ समज होता, कीं उष्ण देशांतील सूर्यकिरण कवटी व पाठीचा कणा भेदून मज्जेस इजा करतात. सोला टोपी व पाठीवर शिवलेली कापडाची गादी हीं या भीतीचींच चिन्हें होत. म्हणून त्यांचें हवापालट उन्हाकडे नसून उन्हापासून दूर होतें. १८२८ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें महाबळेश्वरीं आरोग्यस्थान उभारलें. १८५० त ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें माथेरान शोधिलें. दक्षिण कोंकणास हेंच स्थान आंबोलीनें पुरविलें. वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बेळगावच्या छावणीस जो माल जाई त्याच्या वाटेवरील हा मुक्काम, समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच. सावंतवाडीचा पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यानें तो थंड हवेचें ठिकाण म्हणून वाढविला. चैत्र-वैशाखांत वाडीच्या व वेंगुर्ल्याच्या साहेबांस तेथें बरें वाटे; पाऊस लागला म्हणजे तेंच ठिकाण राज्यांतील अति पावसाच्या ठिकाणांपैकीं एक होऊन बसे व तेथून खालीं उतरणें भाग पडे.

मौज अशी, कीं हेच लोक स्वदेशीं उन्हाच्या मागें धांवत होते. क्षयी इंग्रजानें इटलींत वा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळा काढावा, ही एकोणिसाव्या शतकांतील रूढ चाल होती. कीट्स हा कवि १८२० त याच आशेनें रोमास गेला व पुढील फेब्रुवारींत तेथेंच वारला. रशियन लेखक चेकॉव्ह यानें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें याल्टाच्या किनाऱ्यावर काढलीं, तरी १९०४ त क्षयानेंच त्याचा अंत झाला. पुढें या चालीस शास्त्राचें पाठबळ मिळूं लागलें. डाऊन्स व ब्लंट यांनीं १८७७ त प्रकाशानें सूक्ष्म जंतु मरतात हें दाखविलें. कॉखनें १८८२ त क्षयाचा जंतु शोधून काढला, व तो थेट उन्हांत टिकत नाहीं हेंहि पुढें सांगितलें. त्वचेच्या क्षयावर प्रकाशचिकित्सा केल्याबद्दल फिन्सेन या डेन्मार्कच्या डॉक्टरास १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं रोलिए यानें स्वित्झर्लंडांतील लेझां येथें सूर्यस्नानाचें रुग्णालय काढलें. एकाच साम्राज्याच्या वैद्यकांत सूर्य विलायतेस औषध व हिंदुस्थानांत विष होता. दोन्ही मतें शास्त्राच्या भाषेंत मांडिलीं जात. परंतु त्यांच्या मुळाशीं प्रत्येकाच्या नित्याच्या राहणीची अडचण होती. लंडनचा मनुष्य धुरानें काळवंडलेल्या हिवाळ्यांतून पळत होता, आणि वेंगुर्ल्याचा साहेब बंद गळ्याच्या कोटांतून.

४. घाटावरची वाट

स्थानिक लोकांचें हवापालट निराळ्या दिशेचें होतें. त्यांस वैशाखाच्या उन्हाचें भय नव्हतें. भय होतें तें चार महिन्यांच्या ओलीचें. ओल्या भिंतींवर, जुन्या गोणपाटांवर व साठविलेल्या गवतावर जी बुरशी चढते, तिचे सूक्ष्म कण श्वासांत गेल्यानें पुष्कळ दमेकऱ्यांचा दमा बळावतो, हें आज सर्वमान्य आहे. त्या काळीं कारण ठाऊक नव्हतें, पण अनुभव होता. म्हणून ज्याचा कोणी आप्त बेळगावीं, कोल्हापुरीं वा मिरजेस असे, तो पावसाच्या तोंडावर घाट चढून जाई.

ही वाट सुलभ होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली रस्ते व रेल्वे : फोंडा व आंबोली या घाटांतून गाड्या चालूं लागल्या, आणि १८९१ त कोल्हापूर ते मिरज लोहमार्ग सुरू झाल्यावर कोल्हापूर गांठलेल्या रोग्यास मिरज कांहीं तासांवर आली. दुसरी गोष्ट मिरजेचें रुग्णालय. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस हे १८८९ त या देशांत आले व १८९४ त त्यांचें मिरजेचें रुग्णालय उघडलें. पुढें १९२० त सांगली व मिरज यांच्या मध्यें माळावर क्षयरोग्यांकरितां आरोग्यधाम निघालें. त्या वस्तीस आजहि वॉन्लेसवाडी म्हणतात. याच मिशनचें सेंट ल्यूक रुग्णालय खालीं वेंगुर्ल्यास होतें, व तेथें डॉ. गोहीन यांनीं दीर्घ काळ काम केलें. एकाच संस्थेचे दवाखाने अनूपांतहि होते व जांगलांतहि. पण क्षयाचें आरोग्यधाम निघालें तें जांगलांत, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ त 'बेल-एअर' आरोग्यधाम काढलें. त्याच्याहि मागें उंच, मोकळ्या व स्वच्छ हवेची हीच कल्पना होती.

परंतु आरोग्यधामांत राहणें म्हणजे काय, तें नीट पाहिलें पाहिजे. तेथें रोग्यास महिनेच्या महिने बिछान्यावर पडून राहावयाचें असे. दूध, अंडीं व सकस अन्न ठरल्या वेळीं मिळे. काम, काळजी व गर्दी यांपासून तो सुटे. आणि त्याच्या घरच्या मंडळींची त्याच्या खोकल्यापासून सुटका होई. यांतील ऊन किती व विश्रांति किती, हें वेगळें काढणें त्या काळीं कोणास साधलें नाहीं. खर्च मात्र स्पष्ट होता. ज्याच्या घरीं सहा महिने मिळकत बंद राहिली तरी चूल पेटे, त्यालाच ही वाट मोकळी होती.

५. मुंबईहून परत

तिसरी वाट सर्वांत गजबजलेली व सर्वांत कमी लिहिली गेलेली आहे. १९११ व १९२१ या दोन्ही खानेसुमाऱ्यांत मुंबई शहरांत राहणारे, पण रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक भरले. गिरण्या, गोद्या व घरकाम यांत ते राबत, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर मालवण-कुडाळकडील घरें चालत. त्यांतील बहुतेकांचा मुंबईतील निवारा म्हणजे चाळींतील एक खोली, व तींतहि अनेकदां पाळीपाळीनें निजणारे आठ-दहा गडी.

त्या खोल्यांत ऊन किती येई, याचा हिशेब सुदैवानें उपलब्ध आहे. १८९६ त मुंबईस प्लेग झाल्यावर शहर सुधारण्यासाठीं १८९८ त सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनीं १९१२ त राहत्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यानें देऊन ६३½ अंशांचा नियम पुढें मांडला. त्याचा अर्थ असा, कीं प्रत्येक राहत्या खोलीस निदान एका बाजूस तरी इतकें आकाश मोकळें असावें, कीं तळाशीं उभें राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिलें असतां दृष्टीची रेषा जमिनीशीं ६३½ अंशांहून अधिक कोन करणार नाहीं. व्यवहारांत सांगावयाचें तर समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्यें असली पाहिजे. हें मागणें अगदीं माफक होतें. तरी तें नियम म्हणून मांडावें लागलें, यावरूनच जुन्या चाळींची स्थिति समजते. दोन चाळींमधील बोळ हात-दोन हातांचा, आणि त्यांतहि सांडपाण्याचें गटार. अशा ठिकाणीं तळमजल्यावर भर दुपारीं दिवा लावावा लागे.

अशा खोलींत खोकला धरलेला गडी कामावरून सुटला म्हणजे त्यास एकच आसरा असे, तो गांवचा. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशननें १९३१ च्या अहवालांत ही गोष्ट स्पष्ट नमूद केली आहे, कीं आजार, बाळंतपण, बेकारी व म्हातारपण यांत शहरच्या मजुरास गांव हाच आधार असतो, आणि म्हणून तो संबंध तुटूं न देणें हिताचें. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. त्यापूर्वी गिरणी कामगारास आजारपणांत पगाराचा अंश मिळण्याची कायदेशीर सोय नव्हती. सरकार व मालक यांनीं जें खर्चिक ओझें उचलावयाचें तें मालवणच्या पडवीनें उचललें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

प्रवास आगबोटीचा. मुंबईहून निघालेली बोट देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेई. बोट दूर उभी राही व उतारूंस होडींतून किनाऱ्यावर आणीत. मे अखेरीस समुद्र खवळला म्हणजे ही वाहतूक बंद पडे, ती नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हां सुरू होई. त्यामुळें रोग्यास गांवीं जावयाचें तर वैशाखांत निघणें प्राप्त होतें, आणि चाकरमानी मंडळींचा गांवीं जाण्याचा हंगामहि तोच. आतां पहिल्या भागांतील ऋतुमानाशीं हें ताडून पाहावें. मुंबईच्या अंधाऱ्या खोलींतून आलेल्या मनुष्यास वैशाखाच्या मोकळ्या खळ्यांत, समुद्रवाऱ्यांत, उकड्या तांदळाच्या पेजेवर व ताज्या मासळीवर महिनाभर बरें वाटे. भूक लागे, अंगावर थोडें मांस येई. 'गांवचें ऊन मानवलें' असें सर्व म्हणत. तोंच मृग लागे. झाप बांधले जात, मुलेंमाणसें त्याच पडवींत गोळा होत, धूर कोंडे, मनिऑर्डर तर केव्हांच थांबलेली. ज्या चार महिन्यांत रोग्यास उजेड, वेगळी खोली व सकस अन्न यांची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यांत त्यास तिन्हींची वाण पडे.

याहून कठोर गोष्ट अशी, कीं क्षयाचा जंतु खोकल्याबरोबर उडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून पसरतो, व बंद दमट खोलींत ते तुषार बराच काळ हवेंत तरंगत राहतात. मोकळ्या उन्हांत जो रोगी इतरांस फारसा धोक्याचा नव्हता, तोच आषाढांत घरच्या मुलांबाळांस धोक्याचा झाला. रोगी हवा पालटावयास आला, आणि रोगानेंहि त्याच्याबरोबर आपलें ठिकाण पालटलें.

६. ऊन प्रत्यक्ष काय करतें

उन्हाचा गुण मिथ्या आहे, असें यावरून कोणीं समजूं नये. तो गुण कोणता व कितपत, हें मात्र मोजून सांगितलें पाहिजे. या विषयांतील एक महत्त्वाचें संशोधन आपल्याच प्रांतांत झालें आहे. नाशिक येथें काम करणारे डॉ. हचिसन व डॉ. शहा यांनीं मुडदूस या मुलांच्या हाडांच्या रोगाची पाहणी केली व ती १९२२ त प्रसिद्ध केली. त्यांस असें आढळलें, कीं खाऊनपिऊन सुखी पण पडद्यांत राहणाऱ्या घरांतील मुलांस व तरुण मुलींस हा रोग होतो, आणि निकृष्ट अन्नावर वाढणाऱ्या, परंतु आयांबरोबर दिवसभर उघड्यावर असणाऱ्या गरिबांच्या मुलांस तो होत नाहीं. दोन्ही घरें एकाच गांवचीं, एकाच सूर्याखालचीं. अन्न चांगलें तेथें रोग, आणि अन्न वाईट तेथें रोग नाहीं. फरक होता तो केवळ उंबऱ्याच्या अलीकडचा व पलीकडचा. याच सुमारास, १९१९ त, बर्लिनमध्यें हुल्डशिन्स्की यानें दिव्याच्या अतिनील किरणांनीं मुडदूस बरा करून दाखविला होता. उन्हांतील हे किरण त्वचेवर पडले म्हणजे शरीर 'ड' जीवनसत्त्व तयार करतें, व त्यायोगें अन्नांतील चुना हाडांस लागतो, हा उलगडा पुढें झाला.

लंडनसारख्या उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यांत सूर्य इतका खालीं असतो, कीं हे किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोंचतच नाहींत. तेथील मनुष्यानें उन्हाच्या देशास जाणें यास कांहीं अर्थ आहे. उजेडाच्या अभावीं हिवाळ्यांत येणारी उदासी हाहि एक विकार असल्याचें रोझेन्थॉल व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८४ त वर्णिलें, व तीवर प्रखर प्रकाशाचा उपचार रूढ झाला. परंतु १६ अक्षांशावरील मनुष्यास, चार महिने सोडल्यास, ऊन मिळविण्याकरितां गांव सोडण्याचें कारण नाहीं. दार उघडून बाहेर येणें पुरे आहे. आज भरपूर उन्हाच्या या देशांतहि 'ड' जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळांत आढळते, याचेंहि कारण देशाच्या हवेंत नसून दिवसभर छपराखालीं राहण्याच्या राहणींत आहे.

क्षयाविषयीं विवेक याहून अधिक हवा. हाडांच्या, गांठींच्या व त्वचेच्या क्षयांत सूर्यस्नानानें लाभ होतो असा रोलिएच्या काळच्या डॉक्टरांचा अनुभव होता. परंतु फुप्फुसाचा क्षय जोरांत असतां रोग्यास थेट उन्हांत बसवूं नये, त्यानें ताप वाढतो व रक्त पडण्याची भीति असते, असा इशाराहि तेच डॉक्टर देत असत. मालवणकडे परतणाऱ्यांपैकीं बहुतेकांचा रोग याच दुसऱ्या प्रकारचा होता.

७. मद्रासचा निर्णय

ऊन, हवा, अन्न व विश्रांति यांचा वाद अखेर औषधांनीं मिटविला. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ त सांपडलें, व १९५२ त आयसोनायझिडचा वापर सुरू झाला. १९५६ त मद्रास येथें क्षयचिकित्सेचें संशोधनकेंद्र निघालें, आणि तेथें एक अत्यंत निर्णायक प्रयोग झाला. गरीब वस्तींतील फुप्फुसक्षयाच्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटास आरोग्यधामांत ठेवून विश्रांति व उत्तम आहार दिला. दुसऱ्यास त्याच्याच दाटीच्या घरीं, तुटपुंज्या अन्नावर व चालू कामधंद्यांत राहूं दिलें. औषधें दोघांस एकच, वर्षभर. १९५९ त निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दोन्ही गटांचा गुण जवळजवळ सारखाच होता. इतकेंच नव्हे, तर औषध चालू झाल्यावर घरीं राहिलेल्या रोग्याच्या कुटुंबीयांस आरोग्यधामांतील रोग्याच्या कुटुंबीयांहून अधिक लागण झाली नाहीं.

या निर्णयानें जगभर आरोग्यधामांचा काळ संपत आला, आणि गरीब रोग्यास घरबसल्या उपचार मिळूं शकतो हें सिद्ध झालें. आमच्या विषयापुरता त्याचा अर्थ असा, कीं मिरजेच्या माळावर ज्यांस जाणें परवडलें त्यांस जें अंशतः लाभलें, व मालवणच्या पडवींत ज्यांस मुळींच लाभलें नाहीं, तें देण्याचें सामर्थ्य हवेंत नव्हतें. गोळी मिळण्यापूर्वी जे गेले त्यांच्या नातलगांनीं 'वेळेवर हवा पालटली असती तर' ही हळहळ पुढें अनेक वर्षें वाहिली. त्या हळहळीस आधार नाहीं, एवढें तरी इतिहासानें त्यांस सांगितलें पाहिजे.

८. उपसंहार

तिन्ही वाटा एकत्र पाहतां आम्हांस असें दिसतें, कीं हवापालट करणारा मनुष्य जेथें गेला त्या ठिकाणापेक्षां जेथून निघाला त्या घरावर त्याचा गुण अधिक अवलंबून होता. साहेब आंबोलीस सुखावला, तो आपला पोशाख व दिनक्रम सैल झाल्यानें. दमेकरी मिरजेस सुखावला, तो बुरशीच्या भिंतींपासून सुटल्यानें. चाकरमानी वैशाखांत सुखावला, तो चाळीची खोली व रात्रपाळी सुटल्यानें, आणि आषाढांत खचला, तो तसलीच दुसरी खोली कपाळीं आल्यानें. उन्हास आपलें काम आहे, पण तें सोबतीच्या गड्याचें. मुख्य काम उजेड-वारा असलेलें घर, पुरेसें अन्न, विश्रांतीपुरती मिळकत व योग्य औषध यांचें आहे.

म्हणून जुन्या पत्रव्यवहारांत, चरित्रांत वा घरगुती टिपणांत 'हवापालटास गेले' असा उल्लेख सांपडला, तर संशोधकानें तीन गोष्टी विचाराव्या : कोणत्या घरांतून निघाले, कोणत्या महिन्यांत गेले, आणि तितके दिवस घर कोणाच्या पैशानें चाललें. एवढ्या उत्तरांनीं त्या कुटुंबाची स्थिति व त्या काळचें वैद्यक हीं दोन्ही उजेडांत येतात. मालवण-वेंगुर्ल्याकडील पुष्कळ घरांत आगबोटीच्या काळचीं पत्रें व मनिऑर्डरींच्या पावत्या अद्याप पेट्यांत पडून आहेत. त्या याच ओलीनें व कसरीनें नाहींशा होण्यापूर्वी जपल्या जाव्या.

२६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेची सबंध वाट खुली झाल्यापासून मुंबई-मालवण हें अंतर एका रात्रीचें झालें आहे, व नोकरी संपवून उरलेलें आयुष्य समुद्राकांठच्या उन्हांत घालवावें या इच्छेनें येथें परतणारांची संख्या थोडी नाहीं. त्यांचा बेत वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं घर पाहतांना मात्र तें मार्गशीर्षांत पाहूं नये, आषाढांत पाहावें : भिंत कोरडी आहे काय, चुलीचा धूर बाहेर जातो काय, निजण्याच्या खोलींतून आकाश दिसतें काय, आणि नदीला पूर असतां दवाखाना किती लांब पडतो. एवढें जुळलें तर उरलेल्या आठ महिन्यांचें ऊन येथें कोणास कमी पडत नाहीं.